मास्तरांची मूठ

माणसाला साखर झाली की ती एकट्याला होत नाही, सगळ्या सोसायटीला होते. हे गजेंद्र मास्तरांना कुणी आधी सांगितलं असतं, तर ते त्या दिवशी कारली घ्यायला गेलेच नसते.

तसा त्यांचा बेत पक्का होता. रिपोर्ट हातात पडला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच उभं राहून त्यांनी बायकोला बजावलं, "उषा, हे आपल्या दोघांत. किरणला नाही, सूनबाईला नाही, भाऊबंदांना तर मुळीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." उषाबाईंनी पदराने तोंड पुसत मान हलवली. आता एवढं लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मास्तर सुरतेत लूमच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात, मास्टर होते, आणि खात्यात कुणाला साखर निघाली की त्याचं स्वतःचं नाव जातं आणि 'मोळी चा' हे नाव लागतं. मोळी चा म्हणजे बिनसाखरेचा चहा. अमळनेरकडून येऊन, तीस वर्षं मशीनच्या खडखडाटात उभं राहून कमावलेलं 'गजेंद्र मास्टर' हे नाव असं एका कपात बुडवायची त्यांची तयारी नव्हती.

डॉक्टर तरुण होते. गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, काय खायचं किती खायचं ते समजावलं, आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "चिडचिड होते का? उदास वाटतं? कुणाशी बोलू नये असं?"

मास्तर हसले. "साहेब, आमच्या खात्यात बोललेलं ऐकूच येत नाही. उदास व्हायला वेळ कुठाय?"

डॉक्टर काही हसले नाहीत. "वाटलं तर सांगा. तोही आजाराचाच भाग असतो," एवढंच म्हणाले.

तर कारली. पर्वत पाटियाच्या मागच्या अंगाला मास्तरांची रो-हाऊसची सोसायटी, आणि तिच्या फाटकाशी सकाळी लक्ष्मण भाजीवाल्याची लारी, म्हणजे हातगाडी, उभी राहते. लारीभोवती बायका. मास्तरांनी उभ्या जन्मात भाजी आणली नव्हती. सुट्टीच्या दिवशी ते पिशवी घेऊन लारीपाशी गेले, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अर्धा किलो कारली दे."

लक्ष्मणचा आवाज गल्लोगल्ली ओरडून तयार झालेला. त्याला हळू बोलता येतच नाही. "कारली? मास्तर, तुम्हाला? घरात शुगर निघाली का कुणाला?"

यावर माणसाने हसून सोडून द्यावं. नाही तर बायकोला आवडतात म्हणावं. मास्तर काय म्हणाले? "मला नाही निघाली."

झालं! शेजारच्या चंचलबेननी हातातला दुधी खाली ठेवला. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तर कारली घेऊन घरी पोचायच्या आत त्यांची साखर त्यांच्या पुढे घरी पोचली होती. सून नूतन दारातच उभी होती. "पप्पा, चंचलबेन म्हणतायत ते खरंय का?" म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मास्तरांनी बायकोकडे रागाने पाहिलं. उषाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मी तोंड शिवून बसले होते. कारली तुम्हीच आणलीत."

त्या संध्याकाळपासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. चंचलबेन मेथीची डबी आणि जांभळाच्या बियांची पूड घेऊन आल्या. "गजेंद्रभाई, सवारे भूख्या पेटे. मारा जेठने एमां बहु फरक पड्यो." म्हणजे सकाळी उपाशी पोटी घ्यायची, त्यांच्या जेठना, म्हणजे थोरल्या दिरांना, त्याने फार फरक पडला. ते आता कुठे असतात, असं मास्तरांनी सहज विचारलं, तर चंचलबेननी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला हात जोडले. मास्तरांनी पूड कपाटात ठेवून दिली.

मग आले चिंधाभाऊ. हे मास्तरांचे चुलतभाऊ, मागच्या गल्लीत राहणारे, वयाने थोडे मोठे आणि अधिकाराने फारच मोठे. त्यांना स्वतःला कुठलाच आजार नाही, पण औषध सगळ्यांचं ठाऊक. "पहाटे दंव पडलेल्या गवतावर अनवाणी चाल. साखर पायातून जमिनीत उतरते." साखर पायातून कशी उतरेल, असा प्रश्न पडायला हवा होता. पण घाबरलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. मास्तर पहाटे बागेत गेले, चपला हातात घेतल्या आणि गवतावर पहिलं पाऊल ठेवलं, तोच शिट्टी वाजली. गवतावर चालण्यास मनाई आहे, अशी पाटी होती. "मुझे शुगर है," मास्तरांनी रखवालदाराला सांगितलं. उभ्या सुरतेत हे त्यांनी आपल्या तोंडाने पहिल्यांदा कबूल केलं, तेही एका रखवालदारापाशी. रखवालदार म्हणाला, "तो चिठ्ठी लाओ, कि इनको घास पे चलना जरूरी है." चिठ्ठी कुणाची, तर बागखात्याची. बागखात्यात म्हणाले, डॉक्टरची आणा. डॉक्टर म्हणाले, "गवत कुणी सांगितलं? उलट अनवाणी चालू नका, पायाला लागलं तर महागात पडेल. बूट घालून रस्त्याने चाला." मास्तरांनी हे चिंधाभाऊंना सांगितलं. चिंधाभाऊ म्हणाले, "त्या पोराला काय कळतं?"

हेही सगळं मास्तरांनी सोसलं असतं. पण घरच्यांचं प्रेम काही सोसवेना. किरण, त्यांचा एकुलता मुलगा, जेवताना त्यांच्या ताटाकडे असा बघायचा की घास तोंडात फिरायचा. नूतनने गुळाचा डबा माळ्यावर टाकला आणि शिडी बाहेर काढून ठेवली. खात्यावर शेठने पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत आरोळी ठोकली, "मास्टर, तमारी मोळी आवी गई!" म्हणजे नाव गेलंच. कामरेजला एका साखरपुड्याला गेले, तर वाढपी जिलबी घेऊन आला न आला तोच किरण बँडच्या वरताण ओरडला, "पप्पांना नको! शुगर आहे!" नेमका तेव्हाच बँड थांबला. मांडवातली झाडून सगळी डोकी वळली. यजमानांनी आदराने मास्तरांसाठी स्वतंत्र टेबल मांडायला लावलं आणि त्यावर आणून ठेवलं काय, तर काकडी. मास्तर एकटे बसून काकडी खात होते आणि येणारे जाणारे त्यांना धीर देऊन जात होते. नवरदेवापेक्षा जास्त लोक त्या दिवशी मास्तरांना भेटले.

आणि ते मशीन! रोज सकाळी बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा. तेवढं ठीक होतं. पण टोचायच्या वेळी सगळं घर भोवती. आकडा कमी आला की टाळ्या, जास्त आला की, "काल काय खाल्लंत? खरं सांगा!" किरण तो आकडा लगेच बारडोलीला आपल्या सासऱ्यांना कळवायचा. मग व्याह्यांचा, गोपालरावांचा फोन, "आज चढलेली दिसते, व्याही. जिभेवर ताबा पाहिजे." हे गोपालराव बारडोलीकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. दर दिवाळीला साखरेचं पोतं ह्यांनीच पाठवायचं आणि जिभेवर ताबाही ह्यांनीच शिकवायचा! मास्तरांनी एक दिवस मशीनच लपवून ठेवलं. मग बूट घालणं सोडलं, चालणं सोडलं. कुणी कसे आहात विचारलं की वसकन अंगावर जायचे आणि नंतर गच्चीवर जाऊन बसायचे.

खरं सांगायचं तर गजेंद्र मास्तर घाबरले होते. साखरेला नव्हे. त्यांचे थोरले भाऊ बळीराम गावी ह्याच आजाराने थकत गेले होते. मास्तरांनी ते जवळून पाहिलं होतं. आजाराने भाऊ नंतर गेला, घरातून आधी गेला. पहिल्यांदा त्याचं गोड बंद झालं. मग त्याला त्रास नको म्हणून लग्नकार्याला नेणं बंद झालं. मग घरात काय घ्यायचं, कुठे द्यायचं, हे त्याला विचारणं बंद झालं. सगळं काळजीपोटीच. एवढा मोठा माणूस अंगणातल्या खाटेवर बसून राहायचा आणि घर त्याच्या बाजूने ये-जा करायचं. आपलंही तसंच होणार, हा एकच विचार मास्तरांच्या डोक्यात फिरायचा. पण हे बोलायचं कुणाजवळ?

म्हणून ते श्रावणाची वाट बघत होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई ही आमची देवी बसते, आणि यंदा सगळ्या भाऊबंदांची कानबाई बसवायचा मान मास्तरांच्या घरी होता. निदान त्या दिवशी तरी आपण घराचे कर्ते, साखरवाले नव्हे, असं त्यांना वाटत होतं.

आता कानबाईच्या रोटाचं थोडं सांगायला हवं, नाही तर पुढची भानगड कळायची नाही. रोट म्हणजे कानबाईच्या नावाच्या पुरणपोळ्या. त्याचे गहू वेगळे घेतात. घरात जितके पुरुष तितक्या मुठी, प्रत्येकाचं नाव घेऊन, अगदी काल जन्मलेल्या पोराचीसुद्धा. मास्तरांच्या कुळात त्या प्रत्येक मुठीमागे सव्वा शेर गहू घालायची रीत आहे, कारण मुठीत काही घर जेवत नाही. आणि मुख्य म्हणजे हा रोट घरच्यांनीच संपवायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, की रोटही वेगळा होतो.

शुक्रवारी मास्तर लवकर घरी आले. उषाबाई स्वयंपाकघरात सूप घेऊन बसल्या होत्या. मास्तर दाराशी उभे राहिले. दरवर्षी ते असे उभे राहतात. लहानपणी आई त्यांचं नाव घ्यायची तेव्हाही असेच उभे राहायचे.

"किरणनी," म्हणजे किरणची, असं म्हणत उषाबाईंनी एक मूठ सुपात टाकली. "बाळनी," म्हणत नातवाची टाकली. बाळ दोन वर्षांचं, जवळच खेळत होतं. मग उषाबाईंनी गव्हाच्या पिंपावर झाकण लावलं.

मास्तर थोडं थांबले. "मग?"

"मग काय?"

"माझी?"

उषाबाई सूप सारखं करत म्हणाल्या, "तुम्हाला कुठं खायचाय रोट? तुमच्या नावचा सव्वा शेर वाढवायचा, मग तो संपवायचा कुणी? उरला की तुम्हीच खाणार. मी ओळखते तुम्हाला."

मास्तरांच्या कानात एकदम लूम सुरू झाले. "उषा, मूठ फक्त मेलेल्या माणसाची घेत नाहीत."

"अहो, शुभ बोला! कानबाईचे दिवस आहेत."

"मी कुठं बोललो? तू सुपात बोललीस."

आणि मास्तर उठले— म्हणजे उभेच होते, पण अपमान झालेला माणूस उभा असला तरी उठतो— त्यांनी पिंपाचं झाकण काढलं, आपल्या हाताने एक मूठ गहू घेतले, खिशातल्या रुमालात बांधले आणि चपला घालून निघाले. स्वतःचा रोट स्वतः दळून आणायचा, असा त्यांचा बाणेदार विचार होता. मुठीमागे सव्वा शेर घालायचे असतात, हे त्यांना पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मूठ तेवढी पुरुषाची दिसते, शेर बायका निवडतात.

चक्कीवर ही झुंबड. कानबाईच्या आठवड्यात चक्कीवाला चक्की धुऊन-पुसून खास रोटासाठी ठेवतो, आणि सगळ्या खानदेशी बायका डबे घेऊन रांगेत असतात. त्या रांगेत गजेंद्र मास्तर रुमालाची पुरचुंडी घेऊन उभे राहिले. बायकांचं बोलणं थांबलं. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. नंबर आला तेव्हा त्यांनी पुरचुंडी सोडली.

चक्कीवाल्याने गहू पाहिले, मास्तरांना पाहिलं, मग मागे कुणी डबा घेऊन उभं आहे का तेही पाहिलं. "काका, आटलामां तो चक्कीनुं मोढुंय नहीं भराय. एवढ्याने तोंडही भरत नाही, गहू दगडातच राहतील. ह्या बेनच्या डब्यात टाकू?"

"नाही. वेगळे दळायचे."

रांगेत मागे मास्तरांची एक चुलत भावजय होती. तिने घाबरत विचारलं, "भाऊजी, रोट वेगळा? घरी सगळं ठीक ना?"

ह्यावर मास्तरांनी काही तरी बोलायला हवं होतं. पण तोंड उघडलं असतं तर चक्कीवर सगळ्यांसमोर रडू फुटलं असतं. म्हणून त्यांनी फक्त मान फिरवली. खानदेशात अशा मान फिरवण्याचा अर्थ एकच होतो. चक्कीवाल्याने गहू टाकले, चक्की घरघरली, आणि बाहेर आलं ते चिमूटभर पीठ. बाकीचं दगडांनी खाल्लं. मास्तरांनी ती चिमूट रुमालात बांधली, पलीकडच्या टपरीवर जाऊन बसले आणि मुद्दाम साखरेचा चहा मागवला. तो समोर आला, आणि त्यांना तो पिववेना. गार होईपर्यंत नुसते त्याच्याकडे बघत बसले.

घरी आले तर दारात चपलांचा ढीग. आत भाऊबंदांची बैठक भरलेली. मधल्या खुर्चीवर चिंधाभाऊ, खाली भिंतीला टेकून त्यांच्या आई धुरपदाबाई. धुरपदाबाई ऐंशीच्या पुढच्या, सगळ्या कुळाच्या मोठ्या माय. एका कोपऱ्यात उषाबाई डोक्यावर पदर घेऊन, रडून रडून नाक लाल. किरणचा चेहरा उतरलेला. नूतनच्या हातातल्या फोनवर बारडोलीहून गोपालराव, आवाज मोठा करून ठेवलेला. चंचलबेनसुद्धा आल्या होत्या आणि "आ उमरे छूटाछेडा? हाय हाय!" असं हळूच म्हणत होत्या; छूटाछेडा म्हणजे काडीमोड. मास्तरांनी रोट वेगळा काढला, म्हणजे चूल वेगळी, म्हणजे संसार वेगळा, ही बातमी चक्कीवरून थेट इथवर आली होती.

चिंधाभाऊंनी घसा खाकरला. "ये, गजेंद्र, बैस. झालं ते झालं. आता वरचा मजला कोणी घ्यायचा आणि खालचा कोणी, ते शांतपणे ठरवू. दुसरी गोष्ट. एका घरात दोन रोट म्हटल्यावर यंदा कानबाई इथं बसवणं काही बरं दिसत नाही. तर ती जबाबदारी, आता काय करणार, मी घेतो." हे बोलताना ते फार दुःखी दिसायचा प्रयत्न करत होते.

"व्याही!" फोनमधून गोपालराव म्हणाले, "साखर चढली की राग येतो. सकाळी आकडा किती होता?"

मास्तर दारातच उभे. हातात रुमाल. सगळे त्यांच्याकडे बघतायत, आणि पुन्हा त्यांच्याबद्दलच बोलतायत, त्यांच्याशी कुणीच नाही. तेवढ्यात धुरपदाबाई म्हणाल्या, "सगळा गप बसा. गजू, आठे ये. काय व्हयनं रे भाऊ? कोन काय बोलनं तुले?"

गजू म्हणून हाक मारणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं. मास्तर त्यांच्यापुढे जाऊन खाली बसले, रुमाल सोडून ते चिमूटभर पीठ दाखवलं, आणि पन्नाशी उलटलेले गजेंद्र मास्टर सगळ्या भाऊबंदांदेखत लहान मुलासारखे रडायला लागले.

"मोठी माय, मला पुरणपोळी नको. घासभरसुद्धा नको. माझी मूठ पाहिजे. किरणची घेतली, बाळाची घेतली, माझी नाही घेतली. बळीरामदादाचं असंच झालं होतं. आधी ताटातून काढला, मग माणसांतून काढला. मला ह्या साखरेचं भ्या नाही वाटत, मला तुम्ही सगळे मोजायचं सोडाल ह्याचं वाटतं. रोज सकाळी हे सगळे माझं बोट बघतात, कुणी माझं तोंड बघत नाही."

नूतनने फोनचा आवाज बारीक केला. किरण खाली मान घालून अंगठ्याने फरशी खरवडायला लागला.

उषाबाईंनी पदर मागे सारला. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "आणि मला नाही वाटत भ्या? रात्री तुमचा श्वास चालू आहे ना बघते मी. बळीरामदादांची बायको कशी राहतेय ते मीही बघितलंय. सगळ्यात आधी मूठ हातात घेतली होती मी तुमची, तुम्ही यायच्या आत. म्हटलं एक मूठ गहू कमी पडले तर चालतील, माणूस कमी पडला तर मी काय करू? म्हणून टाकली परत पिंपात. अपमान करायला नाही टाकली हो."

कित्येक महिन्यांत त्या दोघांत साखरेशिवाय दुसरं बोलणंच झालं नव्हतं, आणि ह्या साखरेच्या बोलण्यातही खरं ते आजच निघालं होतं.

"इतलासाठे?" धुरपदाबाई म्हणाल्या आणि दात नसलेल्या तोंडाने हसल्या. "अवो, मूठ नावनी ऱ्हास, पोटनी नही. मानूस खावो का ना खावो. उषा, सूप आन."

सूप आलं. उषाबाईंनी डोळे पुसले, पिंपात हात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव घेतलं. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचे प्रसंग आमच्याकडे मोजके, त्यामुळे त्या जरा लाजल्या. मूठ सुपात पडली. मास्तरांनी डोळे मिटले. लहानपणी मिटायचे तसेच.

इथेच गोष्ट संपायला हरकत नव्हती. चिंधाभाऊ तर उठून चपला शोधायलाही लागले होते, कारण कानबाई काही त्यांच्याकडे येत नव्हती. पण मास्तरांनी डोळे उघडले आणि सुपाकडे बघत विचारलं, "उषा, तुझी कुठाय?"

"माझी? माझी कशी असेल? बायांची मूठ कुठं असते?"

मास्तरांच्या मनात आलं: माझी एका वर्षी चुकली तर मी चक्की गाठली, बैठक बसवली, घर डोक्यावर घेतलं. आणि हिची? हिने तीस वर्षं सूप हातात घेऊन सगळ्यांची नावं घेतली, हिचं कुणी घेतलं? विचार करताना त्यांचं तोंड असं झालं की उषाबाई पुटपुटल्या, "अहो, चक्कर येतेय का? साखर उतरली का?"

"काही उतरली नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी पिंपात हात घातला आणि चांगली शिगोशीग मूठ भरून घेतली. "उषानी."

"अरे, अरे!" चिंधाभाऊ एक चप्पल पायात घालून परत आले. "गजेंद्र, हे रीतीत नाही. आपल्या कुळात कधी झालं नाही. उद्या सगळ्या बाया मागतील. मग रोट केवढा होईल? संपवायचा कुणी?"

गहू सुपात पडले. नूतन फोन बाजूला ठेवून सुपाजवळ सरकली आणि सासऱ्यांकडे बघत राहिली. मास्तरांनी तिचीही टाकली.

"रीत म्हणजे रीत!" चिंधाभाऊ जवळजवळ ओरडले. "माय, तू सांग ह्याला. तू मोठी आहेस."

धुरपदाबाई सुपातल्या गव्हाकडे बघत होत्या. मग त्या भिंतीला धरून सावकाश उठल्या, लेकाचा हात धरला आणि म्हणाल्या, "चिंध्या, घर चाल. मन्ही बी एक मूठ टाक."

चिंधाभाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच कुठलाही सल्ला सुचला नाही. दुसरी चप्पल हातातच घेऊन ते आईच्या मागे निघाले.

कानबाई थाटात बसली, थाटात विसर्जनाला नदीवर गेली. रोट मात्र असा झाला की विचारू नका. मुठी वाढल्या, शेर वाढले, आणि नियम तोच, घरच्यांनीच संपवायचा. किरण सकाळी पुरणपोळी, दुपारी पुरणपोळी, डब्यात पुरणपोळी, असं करून तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, "पप्पा, तुमची मूठ फार जड आहे हो." मागच्या गल्लीत चिंधाभाऊंचंही तेच चाललं होतं म्हणे, आणि त्यांनी पोट हलकं व्हायला काय घ्यावं, हे चंचलबेनना विचारलं होतं.

मास्तर सकाळी बूट घालून चालून येतात. मशीन त्यांनी लपवल्या जागेवरून काढलं आणि आता गॅलरीत बसून आपलं बोट आपणच टोचतात. किरण दाराशी येतो, आकडा विचारायला तोंड उघडतो, आणि "पप्पा, चहा ठेवू?" असं विचारून परत जातो. गोपालरावांचा फोन आला की मास्तर उसाची चौकशी करतात. डॉक्टरांनी ह्या वेळी पुन्हा पेन खाली ठेवलं तेव्हा मास्तर हसले नाहीत. "हो साहेब, वाटत होतं," म्हणाले, आणि बरंच बोलले. बाहेरचे पेशंट खोळंबले तरी डॉक्टर ऐकत राहिले.

रोट संपायच्या शेवटच्या दिवशी एकच पोळी उरली होती. मास्तर भाकरी आणि कारल्याची भाजी खात होते. उषाबाई पोळी घेऊन समोर बसल्या, आणि त्यांनी एक लहानसा तुकडा मोडून त्यांच्या ताटात ठेवला. मास्तर दचकले. नूतन ओट्याशी होती, तिचीही मान वळली.

"मी मागितला नव्हता," मास्तर म्हणाले.

"माहितीये," उषाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारलंय मी, एवढ्याला काही होत नाही. आणि ही माझ्या मुठीतली पोळी आहे. माझ्या वाट्यातलं मी कुणाला द्यायचं ते मी ठरवणार."

मास्तरांनी तो तुकडा उचलला, आणि तो संपेपर्यंत त्यांच्या ताटाकडे कुणीही पाहिलं नाही.